मागच्या फाटकाचा स्टॉप

माझ्या थोरल्या जाऊबाई बोलताना ‘मी’ म्हणत नाहीत. ‘आम्ही’ही म्हणत नाहीत. त्यांचं सगळं ‘आपण’वर भागतं. चहा हवा असला की ‘आपल्याला चहा हवाय’, अंगात कणकण असली की ‘आपल्याला बरं वाटत नाही’. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिलं वर्षभर मला या प्रकाराचा पत्ताच लागेना. सकाळी त्या म्हणायच्या, आज आपल्याला पडदे धुवायचे आहेत. मी नवी सून. हा हुकूमच समजून बाह्या सरसावून पडदे काढायला लागायची. वर्षभराने उलगडा झाला, की त्यांना एवढंच म्हणायचं असायचं, की आज त्या पडदे धुणार आहेत. आणि मी न सांगता पडदे काढतेय हे बघून त्यांना वाटायचं, काय कामसू मुलगी मिळाली आहे. एकमेकींबद्दलचं आमचं चांगलं मत असं निव्वळ गैरसमजातून तयार झालं, आणि चोवीस वर्षं झाली तरी ते टिकून आहे.

गुडघा दुखायला लागल्यावर मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले, तेव्हा त्या अदबीने म्हणाल्या, “डॉक्टर, आपला उजवा गुडघा दुखतोय.” डॉक्टरांनी आधी स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढे जे घडलं ते या एका शब्दापायी घडलं. नाहीतर जाऊबाईंबद्दल सांगायची सुरुवात त्यांच्या कामापासूनच करायला हवी होती. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या लाँड्रीत त्या एकतीस वर्षं घड्या घालतायत. तिथे त्यांना नावाने कोणी ओळखत नाही, सगळे घडीबाई म्हणतात. रोलरमधून निघालेली गरम चादर लांब टेबलावर येते. मोठी चादर एकटीला आवरत नाही, दोघींनी दोन दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा आणि एकमेकींकडे चालत यायचं. नव्या बाईची टोकं वर-खाली होतात, मग मधे फुगा राहतो. जाऊबाई समोर असल्या की होत नाही. समोरचीचा हात किती उंच आहे ते त्या बघतात आणि आपला तेवढ्यावर आणतात.

पण त्यांचा खरा मान आहे तो ऑपरेशनच्या हिरव्या कापडांचा. ती अशी दुमडावी लागतात, की डॉक्टरांनी एक टोक धरून ओढलं की सबंध कापड उलगडलं पाहिजे आणि आतल्या बाजूला कोणाचा हात लागता कामा नये. सात दुमडी असतात. सहाव्या दुमडीत चूक झाली तर ती टेबलावर दिसत नाही, थेट आत, ऑपरेशनच्या वेळी दिसते. एकतीस वर्षांत घडीबाईंच्या हातचं कापड आत अडकल्याची तक्रार आलेली नाही. हे मला त्यांनी सांगितलेलं नाही. मी त्याच इस्पितळाच्या रेकॉर्डच्या खोलीत टायपिस्ट आहे आणि तक्रारींची फाईल माझ्याच हाताखालून जाते.

माझ्याविषयी थोडक्यात सांगायचं तर मी फटकळ आहे. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं घरात म्हणतात. मला वाटतं तो त्याच्याही थोडा पुढेच असतो.

तर, एका सकाळी मागच्या फाटकाच्या बसस्टॉपवर, खांबाला एक कागद चिकटवलेला दिसला. नवा पूल सुरू झाल्यामुळे पुढच्या महिन्यापासून बस सरळ पुलावरून पुढच्या फाटकाशी जाईल, मागच्या फाटकाचा थांबा रद्द. खाली सही, शिक्का. लाँड्री, स्वयंपाकघर, बॉयलर, आमची रेकॉर्डची खोली, सगळं मागे आहे. पुढे आहेत पायऱ्या, कारंजं आणि पाहुणे. पुढच्या फाटकापासून आमच्यापर्यंत यायचं तर सगळ्या इमारतींना वळसा घालून, बेचाळीस पायऱ्या चढून-उतरून, चढाच्या रस्त्याने यायचं. लिफ्ट रुग्णांसाठी. मी त्याच संध्याकाळी घड्याळ लावून चालून बघितलं. बावीस मिनिटं.

रविवारी जाऊबाईंना घेऊन चालले. त्रेचाळीस मिनिटं लागली आणि दोनदा भिंत धरून उभं राहावं लागलं. त्यांची पाळी सकाळी सातला सुरू होते. पहिली बस पुढच्या फाटकाशी येणार सहा अडतीसला. त्याआधी बसच नाही. म्हणजे रोज वीस मिनिटं उशीर, आणि लाँड्रीत तीन उशीर झाले की मुकादम घरी बसवतो.

जाऊबाईंनी घरी येऊन गुडघ्याला तेल चोळलं. चार दिवसांनी त्यांच्या कपाटात मी टॉवेल शोधत होते, तर टॉवेलांच्या चळतीखाली एक छापील फॉर्म सापडला. मुदतीआधी निवृत्ती मिळण्याबाबतचा अर्ज. नाव, विभाग, सगळं भरलेलं. फक्त तारीख तेवढी कोरी होती. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती. मी फॉर्म हातात धरून विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, “आपल्याला आता बास झालं.” आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की त्यातलं ‘आपण’ त्यांचं नसावं, खरंच माझ्याबद्दल असावं.

सुट्टीच्या दिवशी जाऊबाई घरात कशा असतात ते मी बघितलेलं आहे. मोठे दीर घड्याळं दुरुस्त करायचे, आता नजर साथ देत नाही म्हणून ते रेडिओ ऐकत बसतात. त्यांचं मजेत चाललेलं असतं. जाऊबाई मात्र दुपारपर्यंत कपाटातले घडी घातलेले टॉवेल काढतात, झटकतात, परत घडी घालून ठेवतात आणि चार वाजता विचारतात, उद्या सोमवार ना. हे माणूस घरात बसलं तर सुकून जाईल, हे मला उघड दिसत होतं. ही दोन वर्षं त्यांची होती, आणि एका चिकटवलेल्या कागदाने ती कोणी घेऊन जावी हे मला सहन होईना.

आमची एक संघटना आहे, इस्पितळात काम करणाऱ्या बायकांची. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मेट्रन. त्यांना जाऊन गाठलं. त्या म्हणाल्या, योग बरा आहे, पुढचे तीन रविवार आपण सभासदांसाठी शिबिर घेतोच आहोत, हाच प्रश्न त्यात घेऊ, शिकायचं आणि लगेच करून बघायचं. शिबिराची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून सगळ्या विभागांत लावली. ‘नेतृत्व आणि वकिली कार्यशाळा.’

या ‘वकिली’ने घोळ केला. पहिल्या रविवारी स्वयंपाकघरातल्या मुख्य आचारीणबाई पिशवीभर कागद घेऊन हजर झाल्या. शेजाऱ्याशी त्यांचा भिंतीवरून वाद चालू होता आणि फुकटात वकील भेटतोय असं त्यांना वाटलं होतं. शिकवायला आलेल्या मुलीने समजावून सांगितलं, की ही वकिली कोर्टातली नव्हे, आपल्या प्रश्नाची बाजू अधिकाऱ्यांपुढे नीट कशी मांडायची ती. आचारीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग भिंतीचं काय?” पण उठून गेल्या नाहीत. तिन्ही रविवार आल्या, तिन्ही रविवार पिशवीसकट.

शिबिर होतं संघटनेच्या खोलीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. खालून ठोकाठोक चालू, वर आम्ही सव्वीस जणी, काही खुर्च्यांवर, काही सतरंजीवर. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. हातात सतत टोपण काढलेला मार्कर आणि हनुवटीवर त्याचीच निळी रेघ, म्हणून आम्ही तिला मार्करबाई म्हणायला लागलो. ती हसून घ्यायची. पोरगी हुशार होती, हे मला कबूल करावं लागतं, आणि मी सहसा कोणाबद्दल असं कबूल करत नाही. तिने सांगितलं, साहेबापुढे रडगाणं न्यायचं नाही, आकडे न्यायचे. कोण, किती जणी, किती वाजता येतात, किती वाजता जातात, त्याचा तक्ता करा. तक्ता मी केला. दोनशे चौदा बायका, पाळीप्रमाणे, तासाप्रमाणे, चार रंगांत, आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिची सही. मार्करबाईने तो भिंतीवर लावून सगळ्यांना दाखवला. मी जरा फुगलेच.

दुसऱ्या रविवारी बोलायचा सराव होता. एकीने साहेब व्हायचं, बाकीच्यांनी जाऊन बोलायचं. साहेब मला केलं. मी कान कोरला, फायली चाळल्या, समोरच्या बाईकडे बघितलंच नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, इतकी वर्षं ही आपल्यात काय करत होती. मग जाऊबाईंची पाळी आली. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, आपला स्टॉप बंद होतोय.”

मार्करबाईने थांबवलं. आपला नाही म्हणायचं, ती म्हणाली, आमचा म्हणायचं. साहेब तुमच्यातला नाही. त्याला कळलं पाहिजे, की इथे एक बाजू आहे, तिथे एक बाजू आहे. म्हणा, आमची मागणी आहे. जाऊबाईंनी तोंड उघडलं, “आम” एवढं आलं आणि गाडी थांबली. पुन्हा प्रयत्न केला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर जातो हो,” त्या म्हणाल्या.

“त्याला बाहेरच ठेवायचंय, ताई,” मार्करबाई म्हणाली.

जाऊबाईंनी मान डोलावली. शिकवणाऱ्याचं ऐकायचं, हा त्यांचा स्वभाव. घरी येऊन त्यांनी सराव सुरू केला. सोमवारी सकाळी म्हणाल्या, “आम्हाला चहा हवाय.” मोठ्या दिरांनी रेडिओ बंद केला. दुपारी म्हणाल्या, “आमचं जेवण झालं.” संध्याकाळी “आमचे कपडे वाळले का बघते.” दोन दिवस मोठे दीर हवालदिल होऊन बघत राहिले. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात विचारलं, “घर वेगळं करायचं चाललंय का? तुमचं काही बिनसलं असेल तर मला आधी सांगायचं होतंस.” मी त्यांना शिबिराची हकिकत सांगितली. ते म्हणाले, ते शिकवणं तिथेच ठेवा, माझा जीव जातोय इथे. मग जाऊबाईंनी सराव सोडला आणि घरात सगळ्यांनाच बरं वाटलं.

तेव्हा साहेबांपुढे मीच बोलायचं ठरलं. पाच जणी जाणार होतो: अध्यक्षबाई, मी, आचारीणबाई, एक रात्रपाळीची आया आणि जाऊबाई. जाऊबाईंनी फक्त बसायचं. जिच्यावर वेळ आली आहे ती समोर दिसली पाहिजे, असं मार्करबाईचं म्हणणं. माझं भाषण पाठ होतं. आरशापुढे इतक्यांदा म्हटलं होतं, की मोठे दीर मधला शब्द अडला तर बाहेरून सांगायचे.

बस कार्यालयातल्या वाहतूक अधिकाऱ्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रकं, भिंतीशी फायलींचा ढीग आणि खुर्च्या तीनच. साहेबांना जबरदस्त सर्दी झालेली होती. हातातला रुमाल खाली ठेवायलाही त्यांना सवड नव्हती. आम्हाला आधी नव्या मार्गाची माहिती द्यावी म्हणून त्यांनी भला मोठा नकाशा टेबलभर पसरला आणि बोट फिरवून सांगितलं, गुरुवारी पहिल्या बसची चाचणी फेरी आहे, मागच्या फाटकाकडे वळलं की बसची सात मिनिटं जातात, दिवसाच्या चाळीस फेऱ्या, हिशोब तुम्हीच करा.

मी उभी राहिले. सांगायला हरकत नाही, मी छान बोलले. आमची मागणी आहे, आमच्या दोनशे चौदा भगिनी, आमचा हक्क. कुठेही अडखळले नाही. तक्ता पुढे ठेवला. साहेबांनी तो बघितला, रुमालात शिंकले आणि म्हणाले, “तुमच्या मागणीची नोंद घेतो.” आणि पुढची फाईल ओढली.

इथे थांबायचं, असं मार्करबाईने तीनदा बजावलं होतं. साहेबाने टाळलं तर शांतपणे दुसरी तारीख मागायची. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, “तुम्ही घरापासून ऑफिसपर्यंत गाडीने येता. तुम्हाला चालायचं म्हणजे काय, ते कसं कळणार?” अध्यक्षबाईंनी डोळे मिटले. साहेबांचा चेहरा दगडासारखा झाला. ते म्हणाले, आता तुम्ही या. तीन रविवार, दोनशे चौदा सह्या आणि चार रंगांचा तक्ता, सगळ्यावर मी एका वाक्याने पाणी ओतलं होतं.

आम्ही उठलो. साहेब नकाशा आवरायला लागले. आता तो नकाशा म्हणजे जवळजवळ चादरच, आणि माणूस एकटा, वर नाक गळतंय. एक बाजू दुमडली की दुसरी घसरायची. उलटी घडी पडली, ती त्यांनी हाताने दाबली, कागद कडकन वाजला. माझं लक्ष दाराकडे होतं. जाऊबाईंना ते बघवलं नाही.

“थांबा साहेब, फाटेल,” त्या म्हणाल्या. “आपण घालू घडी.”

त्यांनी दोन टोकं धरली. समोरच्याने उरलेली दोन धरायची हे त्यांच्या दृष्टीने इतकं सरळ होतं, की साहेबांनीही मुकाट्याने धरली. नकाशा दोघांच्या मधे ताणला गेला. त्या एक पाऊल पुढे आल्या, साहेबही आले. पहिली घडी बसली. दुसऱ्या घडीला जाऊबाई थांबल्या आणि हनुवटीने खूण करून म्हणाल्या, “हा बघा, इथे आपला स्टॉप.”

“माझा कुठला?” साहेब म्हणाले. “मी कधी उतरलोच नाही तिथे.” त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे फाईल ओढायची सोय नव्हती. मग त्यांनीच विचारलं, पुढच्या फाटकापासून लाँड्रीपर्यंत असा काय वेळ लागतो, दहा मिनिटं?

जाऊबाई म्हणाल्या, “बघू की. गुरुवारी सहा अडतीसला आपण पुढच्या फाटकाशी उतरू आणि चालत जाऊ. मग कळेल.”

नकाशाची घडी पूर्ण झाली. साहेबांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग कॅलेंडरजवळ गेले आणि गुरुवारच्या चौकटीत पेनाने लिहिलं, ६.३८. म्हणाले, ठीक आहे, येतो.

जिन्यात जाऊबाईंनी माझा दंड धरला. “अगं धाकटे, साहेब कशाला येतायत?”

मी म्हटलं, तुम्हीच नाही का बोलावलंत. त्या घाबरून म्हणाल्या, छे, आपण कधी बोलावलं, आपण म्हटलं आपण चालून बघू आणि साहेबांना किती वेळ लागला ते कळवू. चोवीस वर्षांपूर्वी पडद्यांच्या बाबतीत माझं जे झालं होतं, तेच साहेबांचं झालं होतं. त्या स्वतःबद्दल बोलत होत्या आणि साहेब बापडे बाह्या सरसावून तयार झाले होते. मी जिन्याच्या पायरीवर बसून हसले. आचारीणबाईंना वाटलं, मला रडू फुटलं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली, तेव्हा कळलं, की त्या पिशवीत भिंतीच्या कागदांखेरीजही काही असतं.

साहेब येतील असं मला वाटलं नव्हतं. पण गुरुवारी पुढच्या फाटकाशी बसमधून उतरलो तर ते कठड्याला टेकून उभे. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्याला मफलर, हातात घड्याळ. मला बघून त्यांनी भुवया वर केल्या. मी तोंड उघडणार नाही, असं जाऊबाईंना बसमध्ये वचन दिलं होतं आणि ते पाळायचं मी ठरवलं होतं.

सुरुवातीला साहेब भराभर पुढे गेले, कारंज्यापाशी पोहोचले, मागे वळून बघितलं आणि परत आले. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा ते जाऊबाईंच्या पावलाने चालायला लागले. पायऱ्या आल्या. जाऊबाई दर पायरीला डावा पाय आधी वर ठेवतात, मग कठड्यावर भार देऊन उजवा त्याच्याजवळ आणतात. एक पायरी म्हणजे दोन पायऱ्यांचं काम. बाजूने धोब्याच्या गाठोड्यासारख्या पिशव्या घेऊन पाहुणे चढत होते आणि आमच्यामुळे त्यांचा खोळंबा होत होता. एकवीस पायऱ्यांनंतर जाऊबाई टेकल्या. साहेबही थांबले. त्यांनी घड्याळात बघितलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

ते म्हणाले, किती वर्षं राहिली निवृत्तीला. दोन, असं जाऊबाईंनी सांगितलं. तेव्हा त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, “मग आधीच का नाही घेत? एवढा त्रास कशाला काढायचा?”

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. वचन होतं म्हणून ओठ दाबून धरले. जाऊबाई कठड्याच्या लोखंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “मला नाही घ्यायची.” थोडा श्वास घेतला. “मला हे काम येतं साहेब. दुसरं काही मला इतकं चांगलं येत नाही.”

साहेबांना त्यात विशेष काही वाटलं नसणार. कोणीही बोलेल असं वाक्य. पण मी चोवीस वर्षांत त्यांच्या तोंडून ‘मला’ ऐकलं नव्हतं, आणि आता एकापाठोपाठ तीनदा ऐकलं. मी दुसरीकडे तोंड फिरवलं आणि भिंतीवरचे बाण बघत राहिले, क्ष-किरण डावीकडे, रक्ततपासणी उजवीकडे. इतके दिवस मीच त्यांच्या वतीने लढत होते आणि त्यांना काय हवंय हे मी एकदाही त्यांना विचारलं नव्हतं. गृहीत धरलं होतं. गृहीतक बरोबर निघालं, ते माझं नशीब.

लाँड्रीच्या दाराशी पोहोचलो तेव्हा सात वाजून एकवीस मिनिटं झाली होती. मुकादम दारात उभा होता. साहेबांनीच पुढे होऊन त्याला सांगितलं, की यांना आज माझ्यामुळे उशीर झाला. मग ते आत डोकावले. जाऊबाई टेबलापाशी गेल्या, हात धुतले आणि हिरवं कापड ओढलं. सात दुमडी. साहेब दारात उभे राहून बघत होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, तो तक्ता तुम्ही केलात का, त्याची एक प्रत मिळेल का. मी दिली. न बोलता दिली, हे विशेष.

दोन आठवड्यांनी स्टॉपच्या खांबावर नवा कागद लागला. मागच्या फाटकाचा थांबा सर्व फेऱ्यांसाठी चालू ठेवणे शक्य नाही. मात्र पाळी बदलण्याच्या वेळी, सकाळी दोन, दुपारी दोन आणि रात्री दोन फेऱ्या मागच्या फाटकाकडे वळतील. सहा चाळीसची बस त्यात पहिली होती. आचारीणबाईंनी तो कागद मोठ्याने वाचला, मग परत एकदा वाचला. संघटनेच्या खोलीत चहा झाला. मार्करबाई मुद्दाम आली, घडलेलं सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं आणि वहीत लिहून घेतलं. म्हणाली, ‘आपण’चा धडा आमच्या पुस्तकात नाही, पुढच्या शिबिरात ताईंनीच घ्यावा. जाऊबाई म्हणाल्या, आपल्याला नाही जमणार. मार्करबाईला ते तिच्याबद्दल वाटलं आणि तिने लगेच मान्य केलं, नाहीच जमणार मला. मला तेव्हा गप्प राहणं फार अवघड गेलं.

आता राहिलं एकच. माझी वेळ साडेनऊची. साहेबांनी फेऱ्या ठरवल्या त्या माझ्याच तक्त्यावरून, आणि नऊ ते दहाच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने, हिरव्या रंगात, अकरा नावं लिहिली होती. अकरा बायकांसाठी बस वळत नाही. मला कळलं तेव्हा मी तासभर धुमसले. मोठ्या दिरांनी रेडिओचा आवाज कमी करून विचारलं, तक्ता कोणी केला होता म्हणालीस.

म्हणून मी रोज सकाळी पुढच्या फाटकाशी उतरते आणि बेचाळीस पायऱ्यांना, पुलाला आणि स्वतःला शिव्या घालत चालते. शेवटच्या वळणावर लाँड्रीची लांब खिडकी लागते. मागच्या फाटकाशी उतरायचे तेव्हा ती वाटेत नव्हती. काच वाफेने अर्धी धुरकट असते. आत जाऊबाई उभ्या असतात, समोर कोणीतरी टोकं धरून. त्या वर बघत नाहीत, कामात असल्या की कधीच बघत नाहीत. मी मिनिटभर तिथे थांबते. थांबायला नको, हजेरीला तेवढाच उशीर होतो आणि हेडक्लार्क घड्याळाकडे बघून खाकरतो. पण थांबते. अजून एक वर्ष अकरा महिने त्या तिथे दिसणार आहेत.